मोजून दोन पानं

आमच्या घरात रोज सकाळी वेलीवरून दोन पानं मोजून तोडली जायची, आणि ते काम माझ्याकडे होतं. मागच्या अंगणात मोरीच्या भिंतीला लागून शेवग्याचं झाड होतं, त्यावर ती वेल चढली होती. शिकलेली माणसं तिला मधुनाशिनी म्हणतात, काष्ठौषधीच्या दुकानात गुडमार म्हणून मागितली तर वाळलेला पाला पुडीत बांधून देतात. आम्हाला ती ज्या बाईनं दिली ती तिला बेडकीचा पाला म्हणायची, म्हणून आमच्यात तेच नाव राहिलं. दिसायला अगदीच साधी. पानं जोडीजोडीनं आलेली, खालच्या बाजूला किंचित लव, फुलं इतकी बारीक की पिवळी आहेत हे जवळ गेल्याशिवाय कळू नये. पण तिचं एक पान चावून चघळलं की पुढचा तासभर जिभेला गोड म्हणून काही कळत नाही. मी सगळं करून पाहिलं होतं. साखर रेतीसारखी कचकच करते, गूळ म्हणजे ओली माती, पेढा तर मेण चावल्यासारखा. मीठ, मिरची, चिंच सगळं जागच्या जागी, फक्त गोड तेवढं नाहीसं होतं.

माझे वडील आचारी होते. पनवेलात त्यांना सगळे भाऊ म्हणत. मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, काहीही असो, शंभर-सव्वाशे माणसांचा स्वयंपाक ते एकहाती करत. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यातली दीड खोली भांड्यांची. कॉटखाली पराती, कॉटवर आधी पातेली आणि मग गादी, दाराच्या मागे झारे आणि उलथनी टांगलेली. रात्री कुणी कूस बदलली तरी काहीतरी खणखणायचं. सकाळी जाग यायची ती आईच्या खलबत्त्यानं. ती जायफळ-वेलदोडे कुटून डबे भरून ठेवायची, आणि माझ्या शाळेच्या वह्यांनाही तो वास लागलेला असे. गणिताच्या बाई माझी वही तपासताना एकदा म्हणाल्या होत्या, तुझी वही पाहिली की भूक लागते. गणितात मात्र त्यांनी मला कधी सोडलं नाही.

त्या काळात नवीन पनवेल आणि कळंबोलीला इमारतींवर इमारती उठत होत्या. मुंबईत एका खोलीत दिवस काढलेली नोकरदार माणसं ताबा मिळाला की आधी वास्तुशांत करत आणि मग पंखे लावत. वास्तुशांतीचा स्वयंपाक पुष्कळांना सोवळ्यातला हवा असे. म्हणजे आचाऱ्यानं अंघोळ करून रेशमी मुकटा नेसायचा, स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत आचाऱ्यानं कशाचीही चव घ्यायची नाही, स्वतः काही खायचंही नाही. हे सगळं नीट पाळणारा माणूस म्हणून बाबांचं नाव झालं होतं. नवीन इमारतीत एकाकडे जेवून गेलेले शेजारी पुढच्या महिन्यात बाबांना बोलवायला यायचे.

अशा माणसाला मधुमेह झाला. चाळिशी ओलांडून तीन-चार वर्षं झाली असतील. नाक्यावरच्या डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच. घाम फुटला, हात थरथरले, माणूस भलतंच बोलायला लागला तर साखर उतरली समजायचं, आधी तोंडात साखर घालायची आणि मग माझ्याकडे यायचं. मी हे पाढ्यासारखं पाठ केलं. मी जन्मजात घाबरट. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा पाय याच दुखण्यानं गुडघ्यापासून गेला होता, त्यांच्या कुबड्यांचा आवाज आला की मी बाबांच्या पायांकडे बघायची. बाबांना मात्र भीती कमी आणि गोडाची ओढ जास्त. चव बघतो म्हणत ते पावशेर बासुंदी पोटात घालत. आई ओरडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाजारात रानभाज्या घेऊन बसणारी चांगीबाई म्हणून एक ठाकरीण होती, माथेरानच्या डोंगराखालच्या वाडीतली. आईनं तिच्यापाशी हे रडगाणं गायलं आणि पुढच्या खेपेला तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून वेलीचा फुटवा आणला.

"दादा, ही येल घरी लाव," ती बाबांना म्हणाली. "गोड खावासा वाटला का दोन पाना चाव. मंग गूळ दे का माती दे, सारकाच."

"आणि जास्त खाल्ली तर?" आईनं विचारलं.

"जास्ती कशाला खायाची? औषिद हाय, भाजी नाय. आनि डागदरची गोली चालू हाय ना, त्याला पन इचार."

वेल लावली, ती फोफावली, डॉक्टरांना विचारायचं तेवढं राहून गेलं. आज ना उद्या, पुढच्या वेळी, असं करत ते राहिलंच. आईनं फक्त एक नियम केला. पानं मी तोडायची, मोजून दोन, बाबांनी वेलीला हात लावायचा नाही. त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता आणि माझ्यावर पूर्ण होता.

वेलीनं काम केलं. बाबा कामाला बसण्याआधी पानं चावत आणि मग बासुंदी त्यांना पांढरा रंगच वाटे. पण आता गोडाची चव कोण बघणार? इथं माझी वर्णी लागली. तेरा वर्षांची मी, बाबांची जीभ झाले. रविवार, सुट्ट्या, कधी शाळा बुडवूनसुद्धा, मी त्यांच्याबरोबर टेम्पोत भांड्यांवर बसून जाऊ लागले. ते श्रीखंडाचं बोट माझ्या तळहातावर टेकवत आणि भुवया उंचावत. मी डोळे मिटून चव घ्यायची. "अर्धी वाटी कमी आहे," म्हणायची, आणि एवढा मोठा माणूस निमूटपणे अर्धी वाटी साखर घालायचा. हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आचाऱ्याला गोड कळत नाही म्हटल्यावर कोण बोलावणार? त्यामुळे ते आमच्या दोघांचं गुपित होतं. मला एरवी कुठेच कुणी काही विचारत नसे. अभ्यासात यथातथा, दिसायला बेताची, भित्री. त्या एका बोटभर श्रीखंडापुरती मी कुणीतरी होते.

आता ते सांगायला हवं जे मी आजवर एका माणसाखेरीज घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि माझी पन्नाशी उलटली तरी लिहायचं टाळत आले. दोन पानांचा परिणाम तासाभरात ओसरत असे. हळूहळू बाबांना स्वतःवर ताबा यायला लागला होता. पानं चावायची, तासभर मोह टाळायचा, आणि नंतर नुसतं जिभेच्या टोकाला लावून स्वतःच चव बघायची, असं त्यांनी सुरू केलं. एकदा म्हणाले, "विजू, पुढच्या महिन्यापासून तू नाही आलीस तरी चालेल. अभ्यास बुडतो तुझा." ते चांगल्या मनानं म्हणाले. त्या आठवड्यापासून मी दोनाची तीन पानं केली. कधी चार. एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळायची आणि द्यायची. बाबा न बघता तोंडात टाकत. परिणाम लांबायचा, त्यांना गोड कळायचं नाही, आणि ते पुन्हा माझ्याकडे वळून भुवया उंचावायचे. घरी आई विचारायची, "दोनच ना?" मी म्हणायची, "दोनच."

परवा माझ्या सुनेनं याच वेलीच्या गोळ्यांची बाटली मागवली, माझ्याचसाठी, कारण आता साखर माझ्याही रक्तात आहे. बाटलीवर वेलीचं चित्र आहे, पानं चुकीची काढली आहेत. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नको म्हटलं, आणि मी ती बाटली कपाटात अगदी मागे सरकवून ठेवली. सून म्हणाली, "आई, तुम्ही फारच घाबरता." खरं आहे.

हे अंगाशी आलं तो दिवस चैत्रातला. कळंबोलीला दुसऱ्या मजल्यावर वास्तुशांत होती. यजमान बँकेत नोकरीला, हसतमुख गृहस्थ, पण घरात शब्द चालायचा त्यांच्या आत्याबाईंचा. आत्याबाई दादरहून खास आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात रांगोळीची रेघ ओढली. "भाऊ, या रेघेच्या आत तुमच्याशिवाय कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मुलीनं बाहेर बसायचं." मी रेघेबाहेर पाटावर बसले, कोथिंबीर निवडायला. खिडकीतून लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर येत होती, आणि नवा रंग, डिंक आणि तुपाचा मिळून एक विचित्र वास घरात भरला होता. पुरण शिजत होतं, श्रीखंड झाकून ठेवलं होतं. मोठ्या पातेल्यात कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं, गूळ घातलेलं, वेलदोडा लावलेलं, पाहुण्यांसाठी आणि नैवेद्यासाठीही.

गुरुजी साडेदहाला नैवेद्य दाखवू म्हणाले होते. त्या हिशेबानं बाबांनी दहाला गोळी घेतली. औषधाला सोवळं-ओवळं नसतं, हा त्यांचा नियम. नैवेद्य झाला की लगेच दोन घास खायचे, असा बेत. गोळीमागोमाग त्यांनी हात पुढे केला, "विजू, पान." सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही म्हणून मी वरून त्यांच्या तळहातावर गुंडाळी टाकली. तिच्यात चार पानं होती.

गुरुजी आधी खांदा कॉलनीत दुसरी वास्तुशांत उरकून येणार होते. साडेदहाचे अकरा झाले, अकराचे साडेअकरा. आले तेव्हा घामाघूम, माफी मागत. मग होम सुरू झाला आणि घरभर धूर. मला काळजी वाटायला लागली होती, पण ती मला नेहमीच वाटे, म्हणून मीच माझ्यावर विश्वास ठेवला नाही. बाराच्या सुमारास बाबांनी पुन्हा हात पुढे केला. पुरणाच्या वासानं त्यांना राहवत नव्हतं असं ते मागाहून म्हणाले. मी पानांची डबी उघडली. आत तीन पानं होती. मला एकच द्यायची बुद्धी होऊ शकली असती. पण थोड्या वेळानं नैवेद्य होईल, मग श्रीखंडाची चव बघायची वेळ येईल, आणि यजमानांची माझ्याच वयाची मुलगी तिथं घुटमळत होती. तिच्यादेखत बाबांनी मला विचारावं असं मला वाटलं. मी तिन्ही दिली.

साडेबाराला मला दिसलं की बाबांच्या पाठीवरून घाम वाहतोय. स्वयंपाकघरात दोन शेगड्या पेटलेल्या, घाम कुणालाही येईल. मग त्यांनी लाटलेली पोळी वाकडी झाली. तीस वर्षांत त्यांची पोळी वाकडी झालेली मी ऐकलीसुद्धा नव्हती. त्यांनी ती मोडली, पुन्हा गोळा केला, पुन्हा लाटली, पुन्हा वाकडी. लाटणं पोळपाटावर टकटक वाजायला लागलं, कारण हात थरथरत होता.

"बाबा," मी हळूच हाक मारली.

"काय कटकट आहे गं शकू!" ते ओरडले. शकू म्हणजे माझी आत्या, ती लग्न होऊन नाशिकला गेली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. मग ते भिंतीला टेकून खाली बसले आणि जळत्या शेगडीकडे बघत राहिले.

डॉक्टरांचं सगळं आठवत होतं, घाम, थरथर, भलतंच बोलणं, आधी साखर. साखरेचा डबा आत, ओट्यावर. मधे रांगोळीची रेघ. मी आत गेले, त्यांना शिवले की अख्खा स्वयंपाक ओवळा होणार. साठ माणसांचा. बाबांचं नाव जाणार. मला वाटतं मी तिथं दहा आकडे मोजण्याइतकी उभी राहिले. आज हिशेब मांडून बसते तेव्हा ते दहा आकडे मला सगळ्यात जास्त टोचतात. मग मी रेघेवरून आत गेले, डबा उघडला आणि मूठभर साखर बाबांच्या तोंडात कोंबली.

त्यांनी ती थुंकली. "रेती!" ते म्हणाले. "तोंडात रेती काय घालतेस!" मी पुन्हा घातली, त्यांनी दात घट्ट आवळले आणि माझा हात झिडकारला. त्या झटक्यात त्यांचा पंजा तव्याला लागला आणि चर्रकन भाजला, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. माझ्याच पानांनी त्यांची जीभ बंद केली होती. साखर समोर डबाभर होती आणि ती त्यांच्या पोटात जाण्याची वाट मीच बुजवली होती. मी मोठ्यानं रडायला लागले. बाहेर मंत्र इतक्या जोरात चालले होते की कुणाला ऐकू गेलं नाही.

रडता रडता नजर पन्ह्यावर गेली. गोड त्यांना कळत नाही, पण आंबट कळतं. खारटही कळतं. मी वाटी बुडवली, तिच्यात चमचाभर मीठ टाकलं आणि ती त्यांच्या ओठांशी नेली. "बाबा," मी म्हटलं, "मीठ बरोबर झालंय का, बघा ना. लोक पानावर बसलेत."

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मुलगी काय म्हणतेय ते त्यांना कळलं नसेल, पण मीठ बघा म्हटल्यावर तोंड उघडायची सवय हाडांत भिनलेली होती. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला. "जास्त झालंय," ते म्हणाले.

"मग आणखी पन्हं घालते. आता बघा."

दुसरी वाटी. "अजून जास्तच."

"आता?"

तिसऱ्या वाटीला त्यांनी स्वतः हात लावला. मी चौथी भरत असताना दारात आत्याबाई उभ्या राहिल्या. नैवेद्याचं ताट न्यायला आल्या होत्या. रेघ पुसलेली, ओवळी पोरगी ओट्याशी, नैवेद्याचं पन्हं आचाऱ्याच्या तोंडाला लागलेलं.

"काय चाललंय हे? नैवेद्य व्हायचाय अजून!"

"बाबांची साखर उतरलीय," मी म्हटलं. "आत्याबाई, मला मारा, पण त्यांना अजून एक वाटी पिऊ दे."

त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं. मग त्यांनी आधी दोन्ही शेगड्या बंद केल्या. "वाऱ्याला आणा त्यांना," त्यांनी यजमानांना हाक मारली, आणि मला म्हणाल्या, "दे ना वाटी, बघत काय राहिलीस!" पंधरा-वीस मिनिटांनी बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून ओळखीच्या आवाजात बोलायला लागले. पहिलं वाक्य होतं, "नैवेद्य झाला का?" आत आत्याबाई गुरुजींशी बोलत होत्या ते आम्हाला ऐकू येत होतं. "या स्वयंपाकाचा नैवेद्य चालायचा नाही. देवाला दूधसाखर दाखवा. माणसं जेवतील हे." बाबांनी ते ऐकलं आणि तोंड फिरवून ट्रकांकडे बघत बसले. जेवणं झाली, पुरणपोळी सगळ्यांना आवडली, पण त्या बाजूनं सोवळ्यातल्या स्वयंपाकाचं बोलावणं आम्हाला परत आलं नाही.

यजमानांनी आम्हाला स्कूटरवरून डॉक्टरांकडे सोडलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, भाजलेल्या पंजाला मलम लावलं, आणि वेलीची गोष्ट पहिल्यांदा त्यांच्या कानावर गेली. ते चिडले नाहीत. ते म्हणाले, "झाड वाईट नाही हो, पण गोळीबरोबर किती घेता ते मला नको का कळायला? आज किती पानं खाल्लीत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हिशेब माझ्याकडे.

"दोन," मी म्हणाले.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. दोन पानांनी एवढं व्हायचं नाही, म्हणाले, म्हणजे गोळीच भारी पडतेय. त्यांनी गोळी अर्धी केली, पाला बंद, आठ दिवसांनी या म्हणाले. आज मला माहीत आहे की मुख्य दोष रिकाम्या पोटाचा आणि गोळीचा होता, पाल्याचा वाटा किती ते कुणी सांगू शकणार नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं, की डॉक्टरांनी माझ्या खोट्यावरून औषध ठरवलं. गोळी अर्धी करायला नको होती, बाबांची साखर आता वाढणार, आणि हाताची ती जखम भरणार नाही. त्या काकांच्या पायाचं जे झालं ते बाबांच्या हाताचं होणार. आचाऱ्याच्या उजव्या हाताचं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. साखर वाढली की लघवीला मुंग्या लागतात असं कुणीसं म्हणताना ऐकलं होतं, म्हणून बाबा मोरीतून आले की मी आत जाऊन वाकून बघायची. पाचव्या दिवशी तीन मुंग्या दिसल्या. मोरीत मुंग्या नेहमीच असतात, पण मी दिवसभर जेवले नाही. रोज आई पट्टी सोडायची तेव्हा मी पाठीमागून डोकवायची. जखम ओली दिसायची. "काय गं सारखी डोकावतेस?" आई म्हणायची. तिला सांगावं म्हणून तोंड उघडायची, आणि ती वर बघायची तेव्हा त्या नजरेत माझ्याबद्दल जराही शंका नसायची. तोंड पुन्हा मिटायची. बाबा आठ दिवस घरी बसून होते. डाव्या हातानं चहा ढवळत, आणि मधेच म्हणत, "विजू होती म्हणून मी आहे हो." आल्यागेल्याला सांगत. शेजारणीनं माझी दृष्ट काढली.

आठव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे निघाले. बाजारातून चालत जाताना ते नेहमीसारखे कैऱ्यांचे भाव विचारत होते. दवाखान्याच्या पायऱ्यांशी मी थांबले.

"बाबा, त्या दिवशी दोन पानं नव्हती. सात होती."

त्यांनी वळून पाहिलं.

"त्याआधीही तीन-चार द्यायची. मुद्दाम. तुम्हाला गोड कळू नये म्हणून. तुम्ही मला नेणार नव्हता ना..." पुढचं मला बोलता आलं नाही.

बाबांनी पट्टी बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवावा की नाही अशा बेतानं उचलला, आणि ठेवला नाही. पायऱ्या चढले. मी मागोमाग गेले. आत गेल्यावर डॉक्टरांनी कागद काढला, आणि ते काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "डॉक्टर, एक चुकलं. पानं दोन नव्हती, सात होती. पोरीनं दोनच दिली होती, बाकीची मी तिची नजर चुकवून खाल्ली."

डॉक्टर पेन ठेवून त्यांना बोलायला लागले. शिकलेले नसाल पण अक्कल आहे ना, म्हणाले. बायको-मुलीचा विचार केलात का, म्हणाले. लहान पोरीला इथं खोटं पाडलंत, म्हणाले. ज्यांना स्वयंपाकाला बोलवायला माणसं कळंबोलीहून येत, ते माझे बाबा स्टुलावर मान खाली घालून बसले होते आणि प्रत्येक वाक्याला "हो, चुकलं" म्हणत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की ते खोटं बोलताहेत. मी म्हटलं नाही.